वसतिगृहातली बाटली आणि पंचविशीचा कायदा

दिल्लीत शिकणाऱ्या, किंवा दिल्लीहून परदेशी शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना कस्तुरबा गांधी मार्ग चांगला ओळखीचा असतो. इंग्रजी अमदानीत हा कर्झन रोड होता. कॅनॉट प्लेसपासून निघून तो इंडिया गेटला मिळतो. जर्मन भाषा शिकायची तर ३ नंबरला मॅक्सम्युलर भवन आहे. इंग्लंडची चौकशी करायची तर १७ नंबरला चार्ल्स कोरियांनी रचलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांची माहिती हवी तर २४ नंबरला अमेरिकन सेंटर. याच रस्त्यावर २०१३ साली उघडलेले नवे महाराष्ट्र सदनही आहे. यूपीएससीच्या मुलाखतीला आलेल्या कितीतरी मराठी मुलांचा दिल्लीतला पहिला मुक्काम तिथेच पडतो.

या इमारती ज्या देशांच्या आणि राज्यांच्या, त्यांचे दारूच्या वयाचे कायदे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. जर्मनीत बीअर आणि वाइन सोळाव्या वर्षी विकत घेता येते, कडक दारू अठराव्या वर्षी. ब्रिटनमध्ये विक्रीचे वय १८. अमेरिकेत २१. महाराष्ट्रात बीअर-वाइनला २१ आणि व्हिस्की-रमला २५, तेही परवाना घेऊन. आणि या सगळ्या इमारतींच्या फाटकाबाहेर, दिल्लीच्या हद्दीत, सरसकट २५.

बारावी करून दिल्लीत आलेला मुलगा अठरा वर्षांचा असतो. पदवी घेताना तो एकवीस-बावीसचा होतो, एमए होईपर्यंत तेविसाचा. पंचविशी ओलांडतो ती पीएचडी करता करता. म्हणजे दिल्लीतल्या कोणत्याही विद्यापीठाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना दारू विकणे हाच गुन्हा आहे. तरीही वसतिगृहात बाटली येते. ती येते हे वॉर्डनला ठाऊक असते, मेसच्या पोऱ्याला ठाऊक असते, आणि नांदेडला किंवा साताऱ्याला बसलेल्या आईवडिलांनाही मनातून ठाऊक असते. म्हणूनच या मुलांना कोणकोणते नियम लागू होतात, ते कुणाला बांधतात आणि त्यांत कोणती जागा रिकामी राहिली आहे, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे.

आधी कायदा. 'दिल्ली अबकारी कायदा, २००९' या कायद्याचे २३ वे कलम सांगते की वरकरणी पंचवीस वर्षांखालच्या दिसणाऱ्या कोणालाही दारू विकायची नाही किंवा हातात द्यायची नाही. ती तो स्वतः पिणार असो वा दुसऱ्यासाठी नेणार असो. हे कलम बांधते विकणाऱ्याला. दुकानदाराने किंवा बारवाल्याने वय विचारले पाहिजे, ओळखपत्र पाहिले पाहिजे. बावीस वर्षांच्या मुलाने बंद खोलीत घेतलेल्या घोटाबद्दल हे कलम काही बोलत नाही. त्याच कायद्याचे ४० वे कलम मात्र पिणाऱ्याला पकडते. सार्वजनिक जागी, म्हणजे रस्त्यावर, बागेत, बाजारातल्या पायरीवर प्यायल्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. तिथे गोंधळ घातला तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

वसतिगृहातल्या वरच्या वर्गांतल्या मुलांना बहुधा माहीत नसलेले एक कलम या सर्वांहून कडक आहे. पहिल्या वर्षाला आलेली काही मुले अजून सतरा वर्षांचीच असतात. बालन्याय कायदा, २०१५ च्या ७७ व्या कलमानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम फक्त दुकानदारापुरते नाही. 'फ्रेशर्स'च्या रात्री धाकट्याच्या हातात ग्लास ठेवणारा सीनियरही त्यात येतो. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि नुकताच बारावी झालेला होता. त्याला ज्या पबांत दारू दिली गेली तिथल्या लोकांवर याच कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. काउंटरवरच्या माणसाने वय विचारले नाही की पुढचे सगळे नियम कसे कोसळतात, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले.

दिल्लीची पंचविशी बदलायचा प्रयत्न झाला होता. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री मनीष सिसोदिया यांनी नवे अबकारी धोरण जाहीर करताना वय २१ वर आणण्याची घोषणा केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते धोरण लागू झाले, पुढच्याच वर्षी मागे घेतले गेले, त्यातून मोठे खटले उभे राहिले, आणि या सगळ्यात कायद्यातले वय होते तिथेच राहिले. दरम्यान शेजारच्या हरियाणाने डिसेंबर २०२१ मध्ये आपले वय २५ वरून २१ केले. त्या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत एक कारण असे दिले होते की दिल्लीनेही वय एकवीस केले आहे. उत्तर प्रदेशातही, म्हणजे नोएडा-गाझियाबादमध्येही, वय २१ आहे.

आता मेट्रोचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. दिल्ली विद्यापीठाचा विद्यार्थी विश्वविद्यालय स्थानकावर पिवळ्या मार्गिकेच्या गाडीत बसला की गाडी न बदलता गुरुग्रामला पोहोचतो. निळी मार्गिका त्याला नोएडात नेते. जे दिल्लीत पंचविसाव्या वर्षी मिळायचे ते सीमेपलीकडे एकविसाव्या वर्षी मिळते. जाताना मेट्रो असते. येताना शेवटची गाडी चुकलेली असते आणि कुणाच्या तरी मोटारीत किंवा मोटारसायकलवर तिघे-चौघे बसलेले असतात. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्यानुसार पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पण नाकाबंदीत पकडले जाणे ही त्या रात्रीची सर्वांत वाईट गोष्ट नसते.

अमेरिकेने हाच अनुभव चाळीस वर्षांपूर्वी घेतला. तिथे राज्याराज्यांत वय वेगवेगळे होते आणि तरुण मुले कमी वयाच्या राज्यात जाऊन पिऊन परत येताना रस्त्यावर मरत होती. म्हणून १९८४ साली केंद्राने कायदा केला. जे राज्य वय २१ करणार नाही त्याच्या महामार्ग निधीला कात्री लागेल, असे त्यात होते. १९८८ पर्यंत सगळी राज्ये एकवीसवर आली. आपल्याकडे दारू हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा या एकाच विस्तारलेल्या शहरात वेगवेगळी वये आहेत. वय कोणते असावे यावर दोन मते असू शकतात. पण मेट्रोच्या एका तिकिटात बदलणारे वय तरुणांना रात्री महामार्गावर नेते, आणि ते धोक्याचे आहे, यावर मला दोन मते दिसत नाहीत.

पंचविशीच्या नियमाचा आणखी एक जुना पैलू विद्यार्थ्यांशीच जोडलेला आहे. दिल्लीला पूर्वी १९१४ चा पंजाब अबकारी कायदा लागू होता. त्याच्या ३० व्या कलमाने जिथे लोक दारू पितात अशा जागी पंचवीस वर्षांखालचा पुरुष किंवा कोणत्याही वयाची स्त्री कामाला ठेवायला मनाई होती. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मुले बाविसाव्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडायची आणि त्यांना त्यांच्याच क्षेत्रातले काम करता येत नसे. मुलींना तर कधीच नाही. 'अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया' या खटल्यात ६ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम टिकणारे नाही असे ठरवले. स्त्रीचे रक्षण करायचे म्हणून तिचे काम काढून घेता येत नाही, रक्षणाची व्यवस्था राज्याने करायची असते, हा त्या निकालाचा गाभा. वसतिगृहाचे नियम लिहिणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी लवकर बंद करून मुलांचे उघडे ठेवायचे, ही त्याच जुन्या विचाराची राहिलेली सावली आहे.

आता विद्यापीठाचे नियम. दिल्ली विद्यापीठाच्या शिस्तीचा मुख्य आधार म्हणजे अध्यादेश १५-ब. त्यात गंभीर बेशिस्तीची यादी आहे. मारहाण किंवा तिची धमकी, शस्त्र बाळगणे, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचा अवमान, स्त्रियांना हीन लेखणारे वागणे, लाचलुचपत, मालमत्तेची नासधूस, धार्मिक तेढ, शिकवण्याच्या कामात अडथळा. शिक्षाही ठरलेल्या आहेत. दंड, परीक्षेला बसू न देणे, ठरावीक काळासाठी किंवा कायमचे काढून टाकणे. पिऊन केलेली मारामारी किंवा छेडछाड या यादीत सहज बसते. नुसत्या पिण्याचा बंदोबस्त मात्र खालच्या पातळीवर, महाविद्यालयाच्या माहितीपुस्तकात आणि वसतिगृहाच्या नियमांत होतो. ते नियम देशभर साधारण एकाच साच्याचे असतात. आवारात आणि खोलीत दारू आणायची नाही, बाळगायची नाही, प्यायची नाही, पिऊन यायचे नाही. आढळल्यास पालकांना कळवले जाईल, दंड होईल, खोली काढून घेतली जाईल. पुण्याच्या वसतिगृहात हे रेक्टर पाहतात, दिल्लीत वॉर्डन आणि प्रॉक्टर.

कायद्याने पिण्यास पात्र असलेला सव्वीस वर्षांचा संशोधक विद्यार्थीही या नियमातून सुटत नाही, कारण हा नियम वयाचा नाही, जागेचा आहे. खोली भाड्याची असली तरी ती संस्थेच्या अटींवर मिळालेली असते. मला हे योग्य वाटते. एका खोलीत तिघे राहतात, त्यांतला एक अभ्यास करतो, दुसऱ्याच्या घरात दारूने संसार उद्ध्वस्त झालेला असतो. त्यांना दारूविना जागा मिळण्याचा हक्क आहे. पण हा नियम राबवताना दोन गोष्टी सर्रास चुकतात. एक म्हणजे खोलीत बाटली सापडली की तिघांनाही सारखी शिक्षा. दुसरी म्हणजे सुनावणीच न घेणे. विद्यार्थ्याला काढून टाकण्याआधी आरोप लेखी सांगणे, त्याचे म्हणणे ऐकणे आणि कारणे देऊन निर्णय करणे हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आहे. ते न पाळलेले आदेश न्यायालयात टिकत नाहीत.

याहून मोठी उणीव वेगळीच आहे, आणि ती समजायला आधी मापे समजायला हवीत.

आपल्याकडे एक 'प्रमाण पेय' म्हणजे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. भारतीय बनावटीच्या व्हिस्की-रममध्ये मद्यार्क ४२.८ टक्के असतो, म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये साधारण १० ग्रॅम. १८० मिलिलिटरच्या चपटीत असे सहा पेग. 'बीअरच तर आहे' असे म्हणून जी ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बाटली उघडली जाते, तिच्यात ८ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असतो. हिशोब केला तर तो सुमारे ४१ ग्रॅम भरतो. म्हणजे एक स्ट्राँग बीअर चार लहान पेगांइतकी. यकृत तासाला साधारण एकाच पेगचा निचरा करते. कॉफी, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ, ओकारी काढणे, यांपैकी कशानेही तो वेग वाढत नाही.

वसतिगृहात पिणे लपूनछपून चालते, म्हणून ते घाईने होते. वॉर्डनच्या फेरीआधी संपवायचे, बाटली मागे ठेवायची नाही, चकण्यापलीकडे पोटात काही नाही. जो पहिल्यांदाच पितो त्याला आपली मर्यादा ठाऊक नसते आणि भोवतालचे 'अजून एक' म्हणत असतात. दोन तासांत सात-आठ पेग पोटात गेलेल्या मुलाला मित्र खोलीत आणून झोपवतात आणि समजतात की आता सकाळपर्यंत उतरेल. पण पोटातली दारू रक्तात उतरणे शेवटच्या घोटानंतरही अर्धा ते दीड तास चालू राहते. मुलगा झोपलेला दिसत असताना त्याच्या रक्तातले प्रमाण वाढतच असते. मेंदूचा जो भाग श्वास चालू ठेवतो, तोच मंदावू लागतो. उलटी झाली आणि माणूस उताणा असला तर ती श्वासनलिकेत जाते.

धोक्याची लक्षणे प्रत्येक वसतिगृहाच्या जिन्यात लावायला हवीत. हलवून, चिमटा काढूनही जाग येत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर, अंग गार आणि ओलसर, ओठ किंवा नखे निळसर, झटके, बेशुद्धीतच उलटी. यांतले एक जरी दिसले तरी ११२ वर फोन करायचा, माणसाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही आणि त्याला एक क्षणही एकटे सोडायचे नाही.

मित्र हा फोन करत नाहीत. त्यांना लक्षणे माहीत नसतात हे एक कारण. दुसरे कारण आपल्या नियमांनीच तयार केलेले आहे. फोन केला की वॉर्डनला कळणार, खोलीतल्या सगळ्यांची नावे लिहिली जाणार, घरी पत्र जाणार, खोली जाणार. गावाकडे वडिलांनी कर्ज काढून पाठवलेले असते. पहाटे दोन वाजता घाबरलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलांपुढे हा सगळा हिशोब उभा राहतो, आणि ती म्हणतात, थोडा वेळ थांबू या.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने २००२ साली यावर उपाय केला. दारूमुळे जीव धोक्यात आलेल्या मित्रासाठी जो मदत बोलावील त्याच्यावर आणि ज्याच्यासाठी बोलावली त्याच्यावरही दारूच्या नियमाखाली शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. ज्याच्यासाठी मदत आली त्याने नंतर समुपदेशनाला यायचे. २००६ साली या प्रयोगाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मदतीसाठी येणारे फोन वाढले होते, आणि 'प्यायलेला मित्र अडचणीत येईल' या भीतीने फोन न करणाऱ्यांचे प्रमाण घटले होते. पुढे अनेक विद्यापीठांनी ही पद्धत उचलली, कितीतरी राज्यांनी कायदेही केले. मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा नासधूस यांना ही सूट नसते. ती फक्त पिण्याच्या अपराधापुरती आणि जीव वाचवण्यापुरती असते. याखेरीज तिथे १९८९ पासून केंद्रीय कायद्यानेच विद्यापीठांना दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला लेखी द्यावे लागते की नियम काय, शिक्षा काय, शरीरावर परिणाम काय आणि मदत कुठे मिळेल. आपल्या माहितीपुस्तकांत यांतल्या पहिल्या दोन गोष्टी ठळकपणे असतात. शेवटच्या दोन शोधाव्या लागतात.

हे आपल्याला जमणार नाही असे कोणी म्हणेल, तर त्याला रॅगिंगचे उदाहरण द्यावे. ८ मार्च २००९ रोजी हिमाचलातल्या टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सीनियरांच्या मारहाणीने मेला. ते सीनियर प्यायलेले होते. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम काढले. विद्यार्थी आणि पालक दोघांचे प्रतिज्ञापत्र, देशव्यापी मदतवाहिनी, आणि तिचा क्रमांक माहितीपुस्तकात छापण्याची सक्ती. आज १८००-१८०-५५२२ हा क्रमांक महाविद्यालयांच्या फलकांवर दिसतो. त्या रात्री दोन गोष्टी एकत्र होत्या, रॅगिंग आणि दारू. पहिलीसाठी मदतीचा रस्ता छापील झाला. दुसरीसाठी तो अजून व्हायचा आहे.

सुरुवातीला आलेला दिल्लीतला रस्ता ज्यांच्या नावाचा आहे, त्या कस्तुरबांचा दारूशी लढा प्रत्यक्ष रस्त्यावरचा होता. १९३० च्या सत्याग्रहात गुजरातेत स्त्रियांनी दारूच्या दुकानांपुढे निरोधने केली, त्यांत त्या होत्या. महाराष्ट्रात त्यांचे नाव असलेली एक मोठी संस्था म्हणजे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांच्या अखेरच्या आजारात त्यांच्याजवळ असलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. देशभरातून येणाऱ्या तिथल्या विद्यार्थ्यांसाठी आचारसंहिता आहे. खादी घालायची, श्रमदान करायचे, सर्वधर्म प्रार्थनेला बसायचे, आणि दारू-तंबाखूपासून दूर राहायचे. 'नीट' ही देशव्यापी परीक्षा येण्याआधी प्रवेशपरीक्षेत गांधीविचाराची वेगळी प्रश्नपत्रिका असे. पहिल्या वर्षाची सुरुवात आश्रमातल्या शिबिराने होते. सेवाग्राम ज्या वर्धा जिल्ह्यात आहे तिथे तर १९७४ पासून दारूबंदी आहे, आणि बंदी असूनही तिथे दारू पकडली जातेच.

सेवाग्रामच्या नियमाकडे मी आदराने पाहतो, आणि याचे कारण नुसती मनाई नाही. तो नियम एका संपूर्ण जगण्याचा भाग म्हणून येतो. शिक्षकही तो पाळतात, प्रवेशाआधीच तो विद्यार्थ्याला ठाऊक असतो, आणि पहिल्या वर्षातच त्याला गावातल्या कुटुंबांकडे पाठवले जाते. दुसरीकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात नोव्हेंबर २०१७ मध्ये काय झाले तेही आठवावे. देणगीदारांनी घातलेल्या अटींनुसार एका सुवर्णपदकासाठी विद्यार्थी शाकाहारी आणि निर्व्यसनी असावा, असे परिपत्रक निघाले. राज्यभर टीका झाली आणि विद्यापीठाला ते पदक स्थगित करावे लागले. कुणाच्या ताटात आणि पेल्यात काय आहे यावरून गुणवत्ता मोजणे विद्यापीठाचे काम नाही, हे तेव्हा लोकांनी बरोबर ओळखले. माणसाच्या चारित्र्याचा दाखला देणारा नियम आणि माणसाला सांभाळणारा नियम यांत फरक आहे. विद्यापीठाला दुसरा जमला पाहिजे.

सांभाळायची माणसे थोडी नाहीत. एम्सच्या गाझियाबाद येथील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू पितात. पाच टक्क्यांहून जास्त लोकांचे पिणे हानिकारक पातळीला पोहोचलेले किंवा पुरते व्यसन झालेले आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून अशा हजारो घरांना आधार दिला आहे. तिथे येणाऱ्या कितीतरी माणसांची दारू कॉलेजच्या दिवसांत सुरू झालेली असते. पहिल्यांदा पकडलेल्या मुलाला खोलीतून काढून टाकले तर तो आवाराबाहेरच्या भाड्याच्या खोलीत जातो, जिथे वॉर्डनही नाही आणि समुपदेशकही नाही. त्याला आत ठेवून समुपदेशकाकडे पाठवणे जास्त कष्टाचे आहे, पण तेच करायला हवे. दुसऱ्याला त्रास देणाऱ्या, धाकट्यांना पाजणाऱ्या, पिऊन गाडी चालवणाऱ्या विद्यार्थ्याशी मात्र कठोर असावे. तिथे दया दाखवणे इतरांवर अन्याय आहे.

पालकांना आणि प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. या वर्षी प्रवेश घेताना वसतिगृहाचे नियम हाती येतील, त्यांत दारूबंदीची ओळ असेलच. तिच्याखाली दोन ओळी आहेत का पाहा: रात्री खोलीतला सोबती बेशुद्ध झाला तर कुणाला बोलवायचे, आणि बोलावणाऱ्याला शिक्षा होणार नाही याची हमी. नसतील तर प्राचार्यांना लेखी मागा. पालक-शिक्षक सभेत मागा. विद्यार्थी प्रतिनिधींनी त्यासाठी सह्या गोळा कराव्यात. यासाठी नवा कायदा लागत नाही, वयोमर्यादा बदलावी लागत नाही, वसतिगृहाच्या समितीचा एक ठराव पुरतो. आणि मुलगा किंवा मुलगी घरून निघण्याआधी त्यांच्या फोनमध्ये तीन क्रमांक नोंदवून द्या. जीव धोक्यात असेल तर ११२, व्यसनातून सुटायला मदत हवी असेल तर १४४४६, मन फार खचले असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६.